‘अपारदर्शक’ : वर्णन की प्रतिज्ञा? ॲपकिटच्या चित्रणविषयक परिभाषेची चिकित्सा

संगणकाच्या पडद्यावर चित्रण करणाऱ्या आज्ञावल्यांत पारदर्शकतेचा प्रश्न वरवर पाहता केवळ दृष्टीचा प्रश्न वाटतो. मागचे दिसावे की दिसू नये, एवढेच त्यात ठरवावयाचे असते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. तथापि या प्रश्नापाशी अडखळण्याचे प्रसंग नवशिक्या विद्यार्थ्यावरच नव्हे, तर मुरलेल्या आज्ञावलीकारावरही येतात. आणि ते गणिताच्या कठीणपणामुळे येतात असे म्हणता येत नाही. पारदर्शकतेचे गणित एका ओळीत मावणारे आहे. अडखळणे होते ते शब्दांपाशी. एकाच मूळ शब्दापासून निघालेल्या, परंतु निरनिराळी कामे करणाऱ्या संज्ञा एकमेकींच्या शेजारी नांदू लागल्या म्हणजे वाचकाची जी फसगत होते, तिचा हा एक ठळक नमुना होय. म्हणूनच हा विषय संगणकशास्त्राइतकाच अर्थविचाराच्याही कक्षेत येतो.

प्रस्तुत लेखात विचारासाठी ॲपल कंपनीच्या मॅक संगणकांवरील ‘ॲपकिट’ ही लायब्ररी घेतली आहे. पडद्यावरील प्रत्येक स्वतंत्र चौकट म्हणजे विंडो, आणि विंडोच्या आत एकात एक बसविलेली आयताकृती चित्रणक्षेत्रे म्हणजे व्ह्यू, अशी तिची मूळ मांडणी आहे. या विंडो व व्ह्यूंच्या पारदर्शकतेचे नियमन करणारे शब्द मुख्यतः चार : ‘ओपेक’, ‘ओपॅसिटी’, ‘अल्फाव्हॅल्यू’ आणि रंगाचा घटक म्हणून येणारा नुसता ‘अल्फा’. यांपैकी पहिला शब्द व्याकरणदृष्ट्या विशेषण आहे, आणि घोटाळ्याचा उगम तेथेच आहे. व्ह्यूच्या संदर्भात तो वस्तूचे वर्णन करीत नाही, व वस्तूला आज्ञाही देत नाही. तो वस्तूच्या वतीने चित्रणयंत्रणेला दिलेली प्रतिज्ञा आहे. ही गोष्ट एकदा ध्यानात आली, म्हणजे पारदर्शकतेच्या पुष्कळशा दोषांचे निदान सुकर होते, आणि मराठीत या विषयाची परिभाषा कशी घडवावी यालाही एक निश्चित दिशा मिळते.

१. संज्ञांचा पूर्वेतिहास

विचाराचा आरंभ ‘अल्फा’ या निरर्थक दिसणाऱ्या शब्दापासून करणे सोयीचे आहे. १९७७ मध्ये न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत ॲल्व्ही रे स्मिथ व एड कॅटमल यांनी प्रत्येक पिक्सेलच्या तांबड्या, हिरव्या व निळ्या घटकांना एक चौथा घटक जोडला. दोन चित्रांचे मिश्रण करण्याच्या सूत्रात प्रमाण दाखविण्यासाठी जे ग्रीक अक्षर येत असे, तेच त्या घटकाचे नाव झाले. पुढे १९८४ मध्ये लुकासफिल्म कंपनीतील टॉमस पोर्टर व टॉम डफ यांनी आपल्या निबंधात या घटकाला शास्त्रीय बैठक दिली. पिक्सेलचा किती अंश आकृतीने व्यापला आहे, याचे माप म्हणजे अल्फा : शून्य म्हणजे काहीच व्यापलेले नाही, एक म्हणजे संपूर्ण पिक्सेल व्यापला आहे. या मापाच्या आधारे त्यांनी दोन चित्रे एकत्र आणण्याच्या बारा क्रिया निश्चित केल्या. त्यांपैकी ‘ओव्हर’ ही क्रिया सर्वांत परिचित आहे. वरच्या चित्राचा रंग त्याच्या अल्फाच्या प्रमाणात घ्यावयाचा, आणि एकातून अल्फा वजा जाता जे उरते त्या प्रमाणात खालचा रंग त्यात मिळवावयाचा, एवढाच तिचा अर्थ.

येथे एक सूक्ष्म परंतु महत्त्वाची गोष्ट दृष्टीआड होऊ नये. पोर्टर व डफ यांच्या विवेचनात मूळ कल्पना आच्छादनाची आहे, काचेसारख्या पदार्थाची नव्हे. वस्तूतून प्रकाश आरपार जातो की नाही हा पदार्थविज्ञानातील प्रश्न. पिक्सेल किती झाकला गेला हा क्षेत्रमापनाचा प्रश्न. व्यवहारात दोहोंचे गणित एकच ठरते, म्हणून दोन्हींना एकच शब्द लावण्याची प्रथा पडली. परंतु पुढे ‘ओपेक’ या शब्दाचा जो गुंता झाला, त्याची उकल करण्यासाठी या आच्छादनाच्या मूळ कल्पनेकडेच परत जावे लागते.

ॲपकिटची वंशपरंपरा नेक्स्ट कंपनीच्या ‘नेक्स्टस्टेप’ या प्रणालीपासून सुरू होते. १९८९ मध्ये या प्रणालीची पहिली आवृत्ती आली, तेव्हा तिच्या ‘डिस्प्ले पोस्टस्क्रिप्ट’ या चित्रणभाषेत चित्रे मिसळण्याच्या क्रियांची भर घातलेली होती. १९९७ मध्ये नेक्स्ट कंपनी ॲपलमध्ये विलीन झाली, २००१ मध्ये त्याच पायावर मॅकची नवी प्रणाली उभी राहिली, आणि पोर्टर-डफ यांच्या क्रियांची नावे ‘कॉपी’, ‘सोर्सओव्हर’, ‘सोर्सॲटॉप’ अशा रूपांत ॲपकिटमध्ये स्थिर झाली. सारांश, ॲपकिटच्या परिभाषेत दोन कुळांचे शब्द एकत्र आले आहेत. एक कूळ गणितातून आलेले, नेमके व व्यवहारात दुसरा अर्थ नसलेले. दुसरे कूळ रोजच्या भाषेतून उचललेले, ओळखीचे व म्हणूनच दगा देणारे.

२. प्रतिज्ञेचे स्वरूप

ॲपकिटच्या व्ह्यूमध्ये ‘इझओपेक’ असा एक गुण आहे. त्याचे उत्तर होय किंवा नाही, इतकेच असू शकते. नाव वाचताच कोणालाही वाटते की, हा प्रश्न व्ह्यूला त्याच्या स्थितीविषयी विचारलेला आहे : तू अपारदर्शक आहेस काय? आणि व्ह्यू स्वतःकडे पाहून त्याचे खरे उत्तर देतो. वस्तुतः यंत्रणा काहीही पाहत नाही. व्ह्यूने काय रेखाटले, त्यातून मागचे दिसते की नाही, याची कोणतीही तपासणी होत नाही. व्ह्यूचा वर्ग लिहिणाऱ्याने जे उत्तर लिहून ठेवले असेल तेच उत्तर मिळते, आणि यंत्रणा त्यावर विश्वास ठेवते. मूळ वर्ग स्वतः काहीच रेखाटत नाही, म्हणून त्याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. ज्याला हे उत्तर बदलावयाचे असेल, त्याने उपवर्ग करून ते नव्याने लिहावयाचे असते. बाहेरून ते बदलण्याची सोय मुळात ठेवलेलीच नाही. आणि हे योग्यच आहे, कारण दुसऱ्याच्या वतीने वचन देता येत नसते.

या वचनाचा उपयोग काय, हे पाहिले म्हणजे त्याचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. एखाद्या व्ह्यूचे चित्र पुन्हा काढावयाचे झाले आणि तो आपले क्षेत्र पूर्णपणे झाकीत नसेल, तर त्याच्या मागे जे आहे तेही पुन्हा काढणे भाग आहे. म्हणून यंत्रणा त्या व्ह्यूपासून पूर्वजांच्या दिशेने मागे जाते, आणि पूर्ण झाकण्याचे वचन देणारा जो पहिला पूर्वज भेटेल, तेथून चित्रणास प्रारंभ करते. या पूर्वजासाठी ‘ओपेकअँसेस्टर’ अशी स्वतंत्र संज्ञाही ॲपकिटमध्ये आहे. उलट, व्ह्यूनेच तसे वचन दिले असेल, तर मागचे काढण्याचे श्रम वाचतात. म्हणजे ‘इझओपेक’ला होकार देणे याचा खरा अर्थ असा : ‘मला दिलेल्या आयतातील प्रत्येक पिक्सेल मी स्वतः पूर्णपणे भरीन, माझ्या मागे काय आहे याची चिंता करू नये.’

जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात दिलेल्या आणि १९६२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत अशा उक्तींचे विवेचन केले आहे. वचन देणे, नाव ठेवणे, पैज लावणे या उक्ती एखाद्या घटनेचे वर्णन करीत नाहीत. त्या उच्चारल्यानेच ती कृती घडते. अशा उक्ती खऱ्या किंवा खोट्या नसतात. त्या साधतात किंवा फसतात. वचन पाळण्याची इच्छा नसतानाही ते दिले, तर वचन दिले गेले नाही असे होत नाही. ते दिले जाते, परंतु पोकळ राहते. ‘इझओपेक’ला होकार देऊन क्षेत्र अपुरे भरणारा व्ह्यू नेमके हेच करतो. यंत्रणेच्या लेखी प्रतिज्ञा झालेली असते. मागचे चित्र काढले जात नाही, पुढचे पूर्ण भरले जात नाही, आणि मधल्या रिकाम्या पिक्सेलांत पूर्वीच्या चित्राचे अवशेष किंवा काळा रंग राहतो. मीमांसकांच्या भाषेत सांगावयाचे तर, जे वाक्य सिद्ध गोष्टीचा अनुवाद करीत आहे असे वाटले, ते प्रत्यक्षात कर्तव्य उत्पन्न करणारे निघाले.

३. दोषांचे वाचन

आता व्यवहारात आढळणाऱ्या दोषांकडे वळणे इष्ट आहे. हे दोष निरनिराळे दिसत असले, तरी त्या प्रत्येकाच्या मुळाशी कोणत्या शब्दाची कोणत्या शब्दाशी गल्लत झाली आहे, हे दाखविता येते.

पहिला दोष काळ्या विंडोचा. वर्तुळाकृती विंडो हवी म्हणून तिचा पार्श्वरंग ‘क्लिअरकलर’, म्हणजे अल्फा शून्य असलेला रंग, ठेवला जातो; आणि वर्तुळाच्या भोवती काळे कोपरे उमटतात. कारण असे की, विंडो मुळातच ‘ओपेक’ ठरविलेली असते, आणि पार्श्वरंग बदलल्याने ते वचन रद्द होत नाही. येथे रंगाचा अल्फा आणि विंडोची प्रतिज्ञा या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, व दोन्ही बदलाव्या लागतात. ॲपलच्या जुन्या नमुना-आज्ञावल्यांतील ‘राउंडट्रान्स्परंटविंडो’ या वर्तुळ व पंचकोन दाखविणाऱ्या आज्ञावलीत हा क्रम स्वच्छ दिसतो. विंडो चौकटीविना घेतली आहे, पार्श्वरंग पारदर्शक केला आहे, ‘ओपेक’चे वचन मागे घेतले आहे, आणि व्ह्यू आपले चित्र काढण्यापूर्वी प्रत्येक वेळी क्षेत्र पुसून घेतो. आकृती बदलल्यावर विंडोची सावली नव्याने आखण्याचीही तीत स्वतंत्र सूचना आहे. यांतील एकही पायरी दुसरीत अंतर्भूत नाही. या नमुन्याचे महत्त्व तेथेच आहे.

दुसरा दोष पुसण्याच्या क्रियेचा. ‘क्लिअरकलर’ घेऊन आयत भरला, की तेथील जुने चित्र नाहीसे व्हावे अशी अपेक्षा असते. ॲपकिटमधील ‘एनएसरेक्टफिल’ ही आज्ञा वापरली तर ते खरोखर नाहीसे होते. परंतु ‘एनएसबेझिअरपाथ’च्या द्वारे तोच आयत त्याच रंगाने भरला, तर काहीच घडत नाही. दोन्ही ठिकाणी क्रियापद एकच, ‘भरणे’; परंतु पहिल्या आज्ञेत ‘कॉपी’ ही क्रिया गृहीत आहे, दुसरीत सामान्यतः ‘सोर्सओव्हर’. कॉपीमध्ये खालचा पिक्सेल जाऊन त्याच्या जागी नवा येतो, अल्फासकट; सोर्सओव्हरमध्ये शून्य अल्फाचा रंग खालच्यावर शून्य परिणाम करतो. कर्म व क्रियापद समान असूनही क्रिया भिन्न ठरावी, याचे कारण क्रियाविशेषण अध्याहृत आहे. आणि भाषेत जे अध्याहृत असते, तेच परक्याला सर्वांत दुर्बोध होते. अर्धपारदर्शक रंगाने ‘एनएसरेक्टफिल’ केल्यास सामाईक पटावर आधी काढलेले चित्र झाकोळण्याऐवजी पुसलेच जाते, हा त्याच अज्ञानाचा दुसरा परिणाम.

तिसरा दोष सर्वांत अधिक वेळा आढळणारा आहे. विंडोची पार्श्वभूमी अर्धपारदर्शक हवी, पण तीवरील अक्षरे व बटणे ठळक राहावीत, अशी मागणी असते. आणि ‘अल्फाव्हॅल्यू’ कमी करताच अक्षरे व बटणेही फिकट होतात. मग बटणाची अल्फाव्हॅल्यू एक आहे याची पुनःपुन्हा खात्री करून घेतली जाते, आणि तरीही ते फिकटच का, याचा उलगडा होत नाही. अल्फाव्हॅल्यू ही वस्तूच्या रंगाची नव्हे, तर तिच्यातील सर्व अपत्यांसहित तयार झालेल्या एकत्रित चित्राची मात्रा आहे. ती गुणाकाराने खाली उतरते : विंडोची ०.५ व व्ह्यूची ०.५ असेल, तर डोळ्यास जाणवणारी मात्रा ०.२५ होते, आणि बटणाची मात्रा १ असली, तरी अर्ध्यावर आलेल्या विंडोत ते अर्धेच दिसते. अपत्याला पूर्वजापेक्षा अधिक ठळक होता येत नाही. म्हणून येथे अल्फाव्हॅल्यू एकवरच ठेवून, ‘ओपेक’चे वचन मागे घेऊन, केवळ पार्श्वरंगाचा अल्फा उतरविणे हाच उपाय होय. ‘अल्फा’ हा शब्द दोन्ही ठिकाणी एकाच मापाचा वाचक आहे. बदलला आहे तो त्याचा विषय.

चौथा दोष थरांच्या संदर्भातील आहे. २००७ मध्ये मॅकवर ‘कोअर ॲनिमेशन’ आले, आणि २०१८ च्या मोहावे आवृत्तीच्या साधनांनी बांधलेल्या आज्ञावल्यांच्या विंडो त्याच थरपद्धतीने पडद्यावर येऊ लागल्या. या थरांच्या वर्गात ‘ओपेक’ आणि ‘ओपॅसिटी’ हे दोन्ही गुण शेजारीशेजारी आहेत. पहिल्याचे मूळ मूल्य ‘नाही’, दुसऱ्याचे १. शब्दशः वाचल्यास असे निघते की, प्रत्येक नवा थर अपारदर्शक नाही, आणि त्याची अपारदर्शकता पूर्ण आहे! विधान आत्मविरोधी दिसते. पण ते तसे नाही. ओपॅसिटी ही मात्रा आहे, ओपेक ही हमी आहे. मात्रा पूर्ण असूनही हमी न देणे पूर्णतः शक्य आहे, जसे एखाद्याने सत्य बोलूनही शपथ न घेणे. विशेषण आणि त्यापासून साधलेले भाववाचक नाम यांचा अर्थसंबंध तुटलेला असण्याचे इतके स्वच्छ उदाहरण नैसर्गिक भाषेत सहसा मिळणार नाही.

पाचवा दोष या सर्वांहून अलीकडचा. व्ह्यूच्या चित्रणाच्या वेळी यंत्रणा त्याला एक आयत देते. पुन्हा काढावयाचा भाग कोणता, हे त्यावरून कळते. पुष्कळ आज्ञावलीकार तोच आयत आपली सीमा समजून पूर्ण रंगवून टाकीत असत, आणि यंत्रणा व्ह्यूच्या सीमेबाहेरचे रेखाटन कापून टाकीत असल्यामुळे ही चूक दिसत नसे. २०२३ मध्ये आलेल्या मॅकओएसच्या १४ व्या आवृत्तीच्या साधनांनी आज्ञावली बांधली, की हे कापणे पूर्वीप्रमाणे गृहीत धरले जात नाही. दिलेला आयत सीमेपेक्षा मोठा असू शकतो, व रंग शेजारच्या व्ह्यूंवर पसरतो. जे पारदर्शक असावयाचे ते एकाएकी झाकले गेले, असा भास त्यामुळे होतो. येथे दोष पारदर्शकतेचा नसतोच. ‘मला रंगवावयास सांगितलेले क्षेत्र’ आणि ‘माझे क्षेत्र’ यांतील भेद न ओळखण्याचा असतो.

या पाच दोषांवर सर्वत्र आढळणारा उपाय म्हणजे चाचपडणे. एक गुण बदलून पाहावा, न जमल्यास दुसरा, आणि पडद्यावर हवे तसे दिसले की थांबावे. ही रीत केवळ वेळखाऊ आहे असे नव्हे. ती धोक्याची आहे. पोकळ प्रतिज्ञा त्या दिवशी निरुपद्रवी ठरली, तरी ती आज्ञावलीत तशीच राहते, आणि चित्रणाची व्यवस्था बदलली म्हणजे उघडी पडू शकते. त्याऐवजी क्रमाने चार प्रश्न विचारावेत : पूर्ण झाकण्याचे वचन कोणी दिले आहे? ते पाळले जात आहे काय? पार्श्वभूमी कोण रंगवीत आहे, व कोणत्या क्रियेने? पूर्वजांच्या मात्रांचा गुणाकार काय होतो? दोष शोधण्याची ही पद्धत म्हणजे दुसरे काही नसून काळजीपूर्वक वाचन होय.

४. इतर लायब्ररींची साक्ष

हा गुंता केवळ ॲपकिटचा आहे, असे मात्र मानता येणार नाही. १९९८ मध्ये जावाच्या १.२ या आवृत्तीसह आलेल्या ‘स्विंग’मध्ये ‘ओपेक’ हाच शब्द प्रतिज्ञा आणि आज्ञा अशा दोन्ही नात्यांनी राबतो. घटक ओपेक असेल तरच त्याची पार्श्वभूमी भरली जाते. म्हणून मुळात ओपेक नसलेल्या ‘जेलेबल’ला कितीही गडद पार्श्वरंग दिला, तरी तो दिसत नाही. उलट ओपेक असलेल्या ‘जेपॅनल’ला अर्धपारदर्शक पार्श्वरंग दिला, तर आज्ञा पाळली जाते, पण प्रतिज्ञा मोडते, आणि जुन्या चित्रांचे माग पडद्यावर साचत राहतात. विंडोज प्रणालीत ‘डब्ल्यूएसईएक्सट्रान्स्परंट’ नावाची एक खूण आहे. तिच्या नावावरून विंडोतून आरपार दिसेल असे वाटते. प्रत्यक्षात ती, खालची भावंडे रंगून झाल्यावर ही विंडो रंगवावी, एवढा क्रम सांगते. दृश्य पारदर्शकतेसाठी विंडोज २००० पासून ‘लेअर्ड विंडो’ ही वेगळी सोय आहे. ‘विंडोज फॉर्म्स’मध्ये पारदर्शक पार्श्वरंगाचा घटक आपल्या जनकाची पार्श्वभूमी उसनी घेऊन रंगवितो, त्याच्याखाली दुसरे भावंड असेल, तर ते दिसत नाही. तीन लायब्ररी, आणि एकाच शब्दकुळाचे तीन अर्थ.

तुलनेत ॲपकिटच्याच एका संज्ञेची प्रशंसा करणे न्याय्य होईल. मजकुराचा व्ह्यू व त्याला सरकविणारा व्ह्यू यांत ‘ड्रॉजबॅकग्राउंड’ असा गुण आहे. ‘पार्श्वभूमी रंगवितो’ : कर्ता ठरलेला, कर्म ठरलेले, क्रिया ठरलेली. सरकत्या मजकुरामागचे चित्र दिसावे असे वाटत असेल, तर दोन्ही व्ह्यूंना वेगवेगळे सांगावे लागते, हेही या नावावरूनच समजते. कारण रंगविणारे दोन आहेत. नाव साधे आहे, पण ते काम सांगते.

५. पूर्वपक्ष व उत्तर

यावर असा आक्षेप घेता येईल की, शास्त्रात शब्दाचा व्यावहारिक अर्थ पाहावयाचा नसतोच. शास्त्रकाराने जी व्याख्या केली तीच प्रमाण. ‘इझओपेक’चा अर्थ ॲपलच्या संदर्भपुस्तिकेत दिलेला आहे, तो वाचला नाही, हा वाचकाचा दोष. या आक्षेपाच्या पाठीशी आपल्या व्याकरणपरंपरेचेही बळ उभे करता येते. पारिभाषिक व लौकिक असे दोन्ही अर्थ संभवत असतील, तेथे पारिभाषिक अर्थ घ्यावा, असा नियम वैयाकरणांनी मान्य केला आहे.

परंतु त्याच परंपरेने या नियमाची मर्यादाही ओळखली आहे. पाणिनीने ‘टि’, ‘घु’, ‘भ’ अशा छोट्या, लौकिक अर्थ नसलेल्या संज्ञा योजल्या. त्यांविषयी कोणाचा गैरसमज होण्याचे कारणच नाही. जेथे ‘सर्वनाम’सारखी लांब संज्ञा आली, तेथे भाष्यकाराने प्रश्न केला की, लाघवासाठी संज्ञा करावयाच्या असता एवढी मोठी संज्ञा का? आणि उत्तर दिले की, ती अन्वर्थ व्हावी म्हणून, म्हणजे शब्दाचा स्वतःचा अर्थही तेथे अभिप्रेत आहे म्हणून. ‘संख्या’ या संज्ञेच्या बाबतीत तर पारिभाषिक व लौकिक असे दोन्ही अर्थ एकदम घ्यावे लागतात, हेही भाष्यात मान्य केलेले आहे. याचा निष्कर्ष सरळ आहे. ज्याने ओळखीचा शब्द संज्ञा म्हणून निवडला, त्याने वाचकाला त्या शब्दाच्या ओळखीवर विसंबण्याची मुभा दिली. ‘अल्फा’ ही ‘घु’च्या जातीची संज्ञा आहे, ‘ओपेक’ ही ‘सर्वनामा’च्या जातीची. पहिलीचा अर्थ शोधावा लागतो, म्हणून तो सापडतो. दुसरीचा अर्थ माहीत आहे असे वाटते, म्हणून तो शोधलाच जात नाही. पुस्तिका न वाचण्याचा दोष वाचकाचा खरा. परंतु वाचण्याची गरज नाही असे भासविण्याचा दोष संज्ञेचा आहे.

दुसरा आक्षेप असा की, नावे एकदा रूढ झाली म्हणजे बदलता येत नाहीत; त्यांची चिकित्सा करून लाभ काय? मूळ इंग्रजी नावे बदलणार नाहीत, हे मान्यच करावे लागेल. परंतु जी भाषा या विषयाची परिभाषा अद्याप घडवीत आहे, तिला हा लाभ निश्चित आहे.

६. मराठी परिभाषेचा विचार

मराठीत ‘ट्रान्स्परंट’ला पारदर्शक व ‘ओपेक’ला अपारदर्शक हे शब्द शालेय पदार्थविज्ञानातून रूढ आहेत, आणि त्या क्षेत्रात ते निर्दोष आहेत. चित्रणशास्त्राच्या अध्यापनात तेच जसेच्या तसे उचलले, तर इंग्रजीतील गोंधळ पूर्णांशाने मराठीत येईल. किंबहुना अधिक वाढेल. ‘अपारदर्शक’ या शब्दातील नकारार्थी उपसर्गामुळे ‘अपारदर्शक नाही’ असे दुहेरी नकाराचे वाक्य जन्मास येते, आणि ते ऐकणारा विद्यार्थी ‘म्हणजे पारदर्शक’ असा निष्कर्ष तत्काळ काढतो. वर दाखविल्याप्रमाणे हा निष्कर्ष चुकीचा आहे. प्रतिज्ञा न देणारा व्ह्यू मागचे दाखवीलच असे नाही. तो फक्त शब्द देत नाही.

म्हणून शब्दाचे नव्हे, कार्याचे भाषांतर करावे, हे तत्त्व येथे स्वीकारणे श्रेयस्कर. ‘इझओपेक’साठी ‘पूर्णाच्छादनाची हमी’ असा प्रयोग करावा. वर्गाचे विशेषण हवे असेल, तेथे ‘पूर्णाच्छादक’ म्हणावे. त्यात आच्छादनाची मूळ कल्पना येते, नकार टळतो, आणि हमी हा शब्द ती पाळण्याची जबाबदारीही सुचवितो. ‘ओपॅसिटी’ व ‘अल्फाव्हॅल्यू’ यांसाठी ‘आच्छादनमात्रा’ हा शब्द वापरावा, व ती कशाची मात्रा हे प्रत्येक वेळी सांगावे : थराची, व्ह्यूची, की विंडोची. रंगाच्या चौथ्या घटकाला ‘अल्फा’च राहू द्यावे, ती संज्ञा कोणाचीही दिशाभूल करीत नाही, आणि जे नाव दिशाभूल करीत नाही ते बदलण्याचा अट्टहास व्यर्थ होय. ‘पारदर्शक’ व ‘अर्धपारदर्शक’ हे शब्द पडद्यावर डोळ्यास काय दिसते, एवढे सांगण्यासाठीच राखून ठेवावेत. अशी वाटणी केल्यास थराविषयीचे ते आत्मविरोधी दिसणारे विधान मराठीत सरळ होते : नव्या थराची आच्छादनमात्रा पूर्ण असते, परंतु तो पूर्णाच्छादनाची हमी देत नाही. या वाक्यात विरोध राहिलेला नाही, आणि ते समजण्यास संदर्भपुस्तिकाही लागत नाही.

या सूचनेवरही एक आक्षेप संभवतो. विद्यार्थ्याला अखेर इंग्रजी नावेच लिहावयाची आहेत; मराठी संज्ञा भिन्न अर्थाने घडविली, तर त्याला दोन शब्द स्मरणात ठेवावे लागतील. हा भार खरा आहे. परंतु तो उचलल्याशिवाय गत्यंतर नाही. कारण आजही दोन अर्थ ध्यानात ठेवावेच लागतात, फक्त ते एकाच शब्दाखाली दडलेले असतात. दडलेल्या भेदापेक्षा उघड भेद लक्षात ठेवणे सोपे असते. परिभाषा घडविणाऱ्याने मूळ शब्दाशी निष्ठा राखावी की मूळ व्यवहाराशी, हा प्रश्न भाषांतराइतकाच जुना आहे. प्रस्तुत प्रकरणी त्याचे उत्तर निःसंदिग्ध देता येते. शब्दाशी निष्ठा राखली तर पडद्यावर काळे कोपरे उमटतात. व्यवहाराशी निष्ठा राखली तर ते का उमटले, हे मराठीतून सांगता येते.